प्रसूती वॉर्डातले पेढे

माझे सासरे बडोदे संस्थानच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. वाडीतून गेंडीगेट, मांडवी, लहेरीपुरा, रावपुरा असे रोज पायी जात. औषधाच्या बाटलीला मात्रेची कातरलेली पट्टी डकवायची, आणि बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात रोग्याच्या लघवीचे आठ थेंब सोडून नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. हिरवा, पिवळा, नारिंगी, शेवटी विटकरी. ‘विटकरी म्हणजे शेटजी,’ असं ते म्हणत. मधुमेह पेढीवर बसणाऱ्यांचा. चरकानेही प्रमेहाच्या कारणांत आधी बसण्याचं आणि झोपेचं सुखच सांगितलंय, मग दही, गुळाचे पदार्थ वगैरे.

१ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, त्याच वर्षी शहरात मेडिकल कॉलेज निघालं. पुढे मी नर्स झाले ती प्रसूती वॉर्डात. तिथली रीत ठरलेली: मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की जिलेबी. (भेदभाव कळत होता, खाल्लं मात्र आम्ही दोन्ही.) रात्रपाळीला पहिला खोका बाराला उघडे, दुसरा तीनला, मधे दोन चमचे साखरेचा चहा. सकाळी सुटलो की सेव-उसळ, आणि घरी जाऊन भर उजेडात झोप. बसायचं सुख नाही, झोपेचं तर नाहीच. तरी पन्नाशीच्या आत आमच्यातल्या कितीतरी जणींना साखर निघाली.

रात्री इन्शुलिनचं काम मंदावतं. तोच पेढा दुपारपेक्षा मध्यरात्री रक्तात जास्त साखर चढवतो. अमेरिकन नर्सेसवरचा मोठा अभ्यास २०११ साली आला: दहा ते एकोणीस वर्षं आलटून-पालटून रात्रपाळी केलेल्यांना मधुमेहाचा धोका सुमारे ४० टक्के जास्त. वाढलेलं वजन हिशेबातून वगळलं तर आकडा उतरतो, पण शून्यावर येत नाही.

वजनाचंच म्हणाल तर पुण्याच्या केईएममधले डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन दोघांचं सारखं, निर्देशांक २२.३. चरबी मात्र युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२.

आमच्या सिस्टर अशाच शिडशिडीत, वजनकाट्यावर सगळ्या पास. भारतीय बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी म्हणतात. टेप वॉर्डात होती, आम्ही ती पोटुशींच्या पोटाला लावत होतो.