कॉम्प्युटरला स्पीकर लावले, पण आवाज येत नाही?

डेस्कटॉपला बाहेरचे स्पीकर जोडले आणि आवाज आला नाही, की लोक थेट सीपीयू उचलून दुकानात नेतात. पुष्कळदा बिघाड नसतोच, पिन चुकीच्या भोकात असते. कॅबिनेटच्या मागे ३.५ मिमीची रंगीत भोके असतात. गुलाबी माइकचे, निळे बाहेरचा आवाज आत घेण्याचे. स्पीकरची पिन हिरव्यात.

यूएसबी वायर पाहून फसू नये. बऱ्याच स्वस्त स्पीकरमध्ये ती फक्त वीज घेते, आवाजासाठी गोल पिन लावावीच लागते. जुन्या म्युझिक सिस्टिमचे सुटे स्पीकर असतील तर मध्ये अ‍ॅम्प्लिफायर हवा.

पिन बरोबर आहे, तरी गप्प? मॉनिटर एचडीएमआयने जोडलेला असेल तर विंडोज कधी कधी आवाज तिकडेच पाठवते. साउंड सेटिंगमध्ये जाऊन आउटपुटला स्पीकर निवडावा.

सतत घुंऽऽ असा आवाज येत असेल तर अर्थिंग तपासून घ्यावे. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात कसाबसा बसवायची सवय आपल्याकडे आहेच. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर स्पीकर राहू द्या, आधी वायरमनला बोलवा.