वडशाची रात्र

गोंदिया–बल्लारशाह मार्गावरच्या वडसा स्थानकात शनिवारी एकटाच उतरलेला नाटकवेडा रात्री एकटा राहत नाही. धानाची कापणी उरकली, दिवाळी सरली की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे नाटक मंडळ्यांचं माहेरघर. गावोगावचे लोक इथेच येऊन प्रयोग ठरवतात.

या नाटकाच्या आधीपासून इथे दंडार हा लोकनाट्यप्रकार होता. पुढे मंडई, म्हणजे गावची जत्रा, आणि शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, यांच्याशी नाटकाची गाठ पडली. दिवसा पट, रात्री नाटक! पटाला आलेल्या पाहुण्यांची रात्र सरावी कशी, याचं हे फार देखणं उत्तर.

2014 साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली, तरी नाटक थांबलं नाही.

रात्री उशिरा पडदा उघडतो. मधोमध टांगलेला माईक, बाजूला हार्मोनियम-तबला. नट संवाद म्हणत माईकखाली येतो, आवाज चढवतो. थंडीत चादरी पांघरलेली माणसं पहाटेपर्यंत हलत नाहीत. याच रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे 2023 मध्ये पद्मश्री झाले. हा मान खूप आधी मिळायला हवा होता.