शिकरणीतलं दही कुठे गेलं?

माझी भाची बंगळुरूला असते. तिला लहानपणापासून दह्याचा वाससुद्धा चालत नाही. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला, "मावशी, दही न घालता फळांची स्मूदी दाट होते का गं?" मी म्हटलं, "अगं, आपली शिकरण काय असते मग?" ती हसली. पण फोन ठेवल्यावर मी शब्दकोश काढून बसले, कारण या साध्या पदार्थाच्या नावातच दही दडलेलं आहे.

शिकरण हा शब्द आला संस्कृतातल्या 'शिखरिणी'वरून. मधलं रूप 'शिखरण'. सतरा अक्षरांच्या शिखरिणी वृत्ताचं नाव आपल्याला शाळेपासून माहीत असतं, पण त्याच नावाचा एक पदार्थही होता. घट्ट दही, साखर आणि वेलचीसारखे सुगंधी मसाले एकत्र करून ते फडक्यातून गाळून घ्यायचे, ही शिखरिणी. इ.स. १०२५च्या सुमारास चावुंडरायाने कन्नडमध्ये लिहिलेल्या 'लोकोपकार' या ग्रंथात ती आहे. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथातही आहे, आणि तिथे तिचं कर्तेपण थेट भीमाकडे दिलेलं आहे. बल्लवाचार्याच्या नावावर दह्याचा पदार्थ असावा, हे मला फार आवडतं.

म्हणजे मूळ शिखरिणी दह्याची. मग आपल्या वाटीत दूध आणि केळं कसं आलं?

मला हे घराच्या वाटणीसारखं वाटतं. शिखरिणीच्या घरातली वस्तू गेली श्रीखंडाकडे: टांगलेलं दही, साखर, वेलची, केशर. नाव मात्र राहिलं कुस्करलेल्या फळाकडे. नेपाळात ही वाटणी झालीच नाही. तिथे आजही 'सिकर्नी' म्हणजे मसाले घातलेलं गोड, घट्ट दहीच. कर्नाटकात मात्र आपल्यासारखंच झालं. केळ्याची किंवा आंब्याची 'सीकरणे' तिथे दुधात करतात, पुष्कळ घरांत गूळ घालून. माझी भाची ज्या शहरात बसून मला विचारत होती, त्या शहरातल्या कितीतरी घरांत तिच्या प्रश्नाचं उत्तर पिढ्यानपिढ्या वाटीत वाढलं जातं आहे.

दही सुटण्यामागे कोणाचा हुकूम नसणार. पिकलेल्या फळाचा दाटपणाच पुरेसा पडला असावा, असं मला वाटतं. कच्च्या केळ्याच्या गरात वजनाच्या २० टक्क्यांच्या आसपास पिष्ट असतं. केळं पिकत जातं तसं त्याची साखर होते आणि पूर्ण पिकल्यावर जेमतेम एक-दोन टक्के पिष्ट उरतं. सोबत पेक्टिन मऊ पडतं, म्हणून बोटांनी दाबलं की गर विरघळल्यासारखा होतो आणि दुधाला अंगचा दाटपणा येतो. केळं आंबटही नाही, त्यामुळे दूध फाटत नाही. हापूस चांगला पिकला असेल तर त्याचीही शिकरण होते. संत्रं घातलं तर दूध नासतं. कच्च्या अननसातल्या आणि पपईतल्या पाचक द्रव्यांमुळे दूध थोड्या वेळात कडू होतं. आमच्या आजीला यातलं रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण अननसाची शिकरण तिने कधी केली नाही.

ती केळं हाताने कुस्करायची. सुरीने चकत्या करून दुधात सोडलेल्या शिकरणीला ती शिकरण म्हणायला तयार नसे, आणि तिचं बरोबर होतं. चकत्यांचं दूध पातळच राहतं. पानं मांडली की मगच केळी सोलायची, कारण करून ठेवलेली शिकरण काळी पडते. पु. ल. देशपांड्यांनी मटार उसळीबरोबर तिला चैनीच्या यादीत बसवलं आणि ती मराठी विनोदात अमर झाली. पण पोळीबरोबर वाटीभर शिकरण हे असंख्य घरांत आयत्या वेळचं पक्वान्न होतं.

हाताची जागा यंत्राने घेतली ती अमेरिकेत. विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन या गावात हॉर्लिक्सचं माल्टयुक्त दूध तयार व्हायचं. त्याच गावात स्टीफन पोप्लॉव्स्की याने १९२२ साली भांड्याच्या तळाशी फिरणारं पातं बसवलं, तेही माल्टचं दूध घुसळायलाच. पुढे त्याच गावातल्या फ्रेडरिक ओसियसच्या यंत्राला वाद्यवृंदाचा संचालक फ्रेड वॉरिंग याने पैसे पुरवले आणि १९३७ मध्ये ते बाजारात आलं. आणि माझ्या भाचीने ऐकायला हवी ती गोष्ट पुढेच आहे. लुईझियानातल्या स्टीव्ह कुनाउ या तरुणाला दूध सोसत नव्हतं. सोडा फाउंटनवर काम करताना इतरांसारखं मिल्कशेक पिता येईना, म्हणून तो गोठवलेली फळं यंत्रात घुसळून पिऊ लागला. १९७३ मध्ये त्याने 'स्मूदी किंग' हे दुकान काढलं. दह्याचं प्रस्थ नंतरचं. ज्या माणसाने हा शब्द दुकानाच्या पाटीवर नेला, त्याचा पेला दुधादह्यावाचूनच दाट होत होता.

आपल्याकडे पात्याचं भांडं घरोघर गेलं ते मुंबईतून. माधुरी माथुर यांचा जर्मन बनावटीचा मिक्सर आपल्याकडचं वाटण वाटताना जळला, तेव्हा त्यांचे अभियंता पती सत्यप्रकाश माथुर यांनी दणकट मोटारीचा स्वतःचा मिक्सर घडवला. १९६३ चा तो 'सुमीत'. चटणीसाठी आलेल्या त्या भांड्यात केळं-दूध फिरायला वेळ लागला नाही.

भाचीला मी जे सांगितलं तेच इथे लिहिते. सालीवर काळे ठिपके आलेली दोन केळी सोलून, तुकडे करून रात्री फ्रीजरमध्ये ठेवायची. सकाळी ती अर्धा पेला गार दुधात, चिमूटभर वेलचीपूड घालून मिक्सरमध्ये फिरवायची. गोठलेल्या केळ्यातलं पाणी बारीक बारीक हिमकणांत धरलेलं असतं आणि भोवतीचा गर ते सुटू देत नाही, म्हणून मलईसारखी दाट स्मूदी तयार होते. दूधही चालत नसेल तर नारळाचं दूध घ्या. साखर घालू नका, तेवढ्या पिकलेल्या केळ्याला ती लागत नाही. आणि केली की लगेच प्या, दहा मिनिटंही ठेवू नका.