सोमवंताची कथा : एका पोथीतील प्रेम आणि मराठीचे लिंगव्याकरण

श्रीधरस्वामी नाझरेकर यांनी १७१८ साली बारामती येथे पूर्ण केलेले ‘शिवलीलामृत’ धाराशिव जिल्ह्यातील अनेक घरांत श्रावणी सोमवारी व महाशिवरात्रीस आजही वाचले जाते. येडशीच्या रामलिंगास जाणाऱ्या भाविकांपैकी पुष्कळांना त्यातील अकरावा अध्याय मुखोद्गत असतो. सातव्या अध्यायाकडे मात्र आम्हा अभ्यासकांचे लक्ष द्यावे तितके गेलेले नाही. स्त्रीपुरुषभेदाची रूढ चौकट ओलांडणाऱ्या प्रेमाची गतकाळातील कथा वाचताना वाचकास जो आनंद होतो, त्याचे स्वरूप या अध्यायाच्या आधारे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कथा मूळची स्कंदपुराणाच्या ब्रह्मोत्तरखंडातील. विदर्भात वेदमित्र व सारस्वत हे दोन ब्राह्मण स्नेही होते. एकाचा पुत्र सुमेधा, दुसऱ्याचा सोमवंत (संस्कृतात सामवान्). दोघांचे अध्ययन एकत्र झाले. विवाहासाठी द्रव्य हवे म्हणून ते राजाकडे गेले असता राजाने विनोदाने सुचविले की, निषध देशाची राणी सीमंतिनी सोमवारी दांपत्यपूजन करून विपुल दान देते, तेव्हा तुमच्यापैकी एकाने स्त्रीवेष घ्यावा. नाखुषीने त्यांनी ती आज्ञा पाळली. सीमंतिनीने सोंग ओळखले, तरीही शिवपार्वती समजून त्यांची पूजा केली. परतीच्या वाटेवर सोमवंत खरोखरच स्त्री झाला आणि त्याने, की तिने, सुमेधाजवळ प्रेमयाचना केली. सुमेधाने संयम राखून तिला घरी आणले. एकुलता पुत्र गमावलेला सारस्वत राजावर संतापला. राजाने देवीची आराधना केली. पण देवीने सांगितले की, आपल्या भक्ताच्या पूजेचे फळ आपणही फिरवू शकत नाही. सारस्वतास दुसरा पुत्र होईल, आणि ही सुमेधाची पत्नी होईल.

रूथ वनिता व सलीम किदवई यांनी भारतीय साहित्यातील समलिंगी प्रेमाच्या उताऱ्यांचे जे इंग्रजी संकलन २००० साली प्रसिद्ध केले, त्यात या पौराणिक कथेचा समावेश आहे. यावर कोणी असा आक्षेप घेईल की, येथे दोन पुरुषांचा विवाह होतच नाही. एकाचा देह बदलतो व मगच विवाह घडतो. आक्षेप खरा आहे. ‘समलिंगी’ हा आजचा शब्द श्रीधरांच्या माथी मारणे योग्य नव्हे, आणि पोथीचे तात्पर्य सीमंतिनीच्या व्रताचा महिमा हे आहे, हेही विसरता येत नाही. परंतु स्नेह आधीचा आहे आणि देह नंतरचा. ज्याच्याशी विवाह झाला ती व्यक्ती, वेद बरोबर म्हणणारा बालमित्रच होती, हे कथा लपवीत नाही.

भाषाभ्यासकास या कथेत एक अधिकचे सुख लाभते. संस्कृतात ‘गच्छामि’ म्हणणारा पुरुष की स्त्री हे क्रियापदावरून कळत नाही. तेथे लिंग सर्वनामात, विशेषणात व कृदन्तात राहते. मराठीत ‘मी जातो’ किंवा ‘मी जाते’ यांपैकी एक निवडावेच लागते. म्हणून पोथी मोठ्याने वाचणाऱ्याच्या मुखातच हे रूपांतर घडते. नावांची गंमत तर याहून मौजेची आहे. सामवान् हा केवळ प्रत्यय पालटून सामवती होतो. उलट अखेरपर्यंत पुरुष राहणाऱ्या सुमेधाचे नाव (मूळ सुमेधस्) आज आपण मुलींना ठेवतो!

आमच्या जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता व शाळांतून उर्दू चाले. फारसीच्या सर्वनामात लिंगभेद नाही, आणि उर्दू गझलेत प्रेयसीचाही उल्लेख पुल्लिंगी करण्याचा संकेत आहे. तेव्हा आमच्या आधीच्या पिढीतील शिकलेला माणूस शाळेत पुल्लिंगी प्रियपात्राचे शेर पाठ करी आणि घरी श्रावणात सोमवंताची कथा ऐके. दोन्हींत त्याला काही वावगे वाटल्याचे आम्ही तरी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले नाही.

ज्यास आपण ऐतिहासिक कादंबरी म्हणतो, त्या हरिभाऊ आपट्यांपासून रणजित देसायांपर्यंतच्या मुख्य परंपरेत अशा प्रेमास स्थान मिळाले नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ची (१९८१) अखेर आत्महत्येत होते, आणि सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये (२००६) भावाबहिणींच्या वाट्याला शेवटी विरहच येतो. दोन्ही कृती श्रेष्ठ आहेत. परंतु सुखान्त नाहीत. इंग्रजीत मात्र नवाबी लखनौतील दोन गणिकांच्या प्रेमावर वनितांचीच कादंबरी २०२० साली आली. ऐतिहासिक प्रेमकथेच्या वाचकास दोन गोष्टी हव्या असतात : आपल्यासारखे कोणी पूर्वीही होते हा दिलासा, आणि ते सुखाने नांदले हा शेवट. मराठीत या दोन्ही एकत्र सापडतात त्या, नवल असे की, तीनशे वर्षांपूर्वीच्या पोथीत.

हा विषय वर्गात निघाला त्यास एक विद्यार्थी कारण झाला. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर काही वर्षांनी, तास संपल्यावर, त्याने विचारले, “सर, आमच्याविषयी आपल्या भाषेत जुने असे काही आहे का?” आम्ही त्याच्या हाती सातवा अध्याय दिला. आठवड्याने तो एक सूक्ष्म शंका घेऊन आला. दोन पुरुषांस मराठीत ‘ते दोघे निघाले’ म्हणतात. पतिपत्नींस मात्र नपुंसकलिंगी अनेकवचन लागते : ‘ती दोघे निघाली’. मग सुमेधा व सोमवंत ‘ते दोघे’ नाहीसे होऊन ‘ती दोघे’ नेमके केव्हा होतात? वेष घेतल्यावर, पूजेनंतर, की परतीच्या वाटेवर?

उत्तर छापील ओव्यांत शोधण्याऐवजी, ही कथा स्वतःच्या शब्दांत सांगणाऱ्या वृद्ध स्त्रियांकडून ती ऐकावी, असे आम्ही सुचविले. कळंब तालुक्यातील पहिल्याच आजींचे कथन त्याने टिपून आणले. राजाची आज्ञा झाली, लुगडे नेसवून झाले, आणि सीमंतिनीचे नगर अद्याप दूर असताना, म्हणजे कोणताही चमत्कार होण्यापूर्वीच, आजी सहज म्हणून गेल्या होत्या : “मग ती दोघं निघाली.”