सुरणाचा डोळा राखा



भेंडीच्या बियाण्याची पुडी मिळते, गवारीची मिळते. पण सुरणाची पुडी काही दुकानात टांगलेली दिसत नाही. सुरण लावायचा तर सुरणच हवा. गड्ड्याच्या मधोमध जो डोळा असतो, त्याचा भाग ठेवून कापलेली फोड हेच त्याचं बेणं. आता विचार करा. ज्या पिकाची पुडी नाही, ते शेकडो वर्षं टिकून आपल्यापर्यंत आलं कसं? कुणीतरी दर साली एक फोड न खाता राखून ठेवली, म्हणून आलं. आज त्या राखणीची हकीकत सांगायची आहे, आणि शेवटी लागवडीची रीतही.

सुरण किती जुना?

सुरण आपल्याच बाजूचा, म्हणजे दक्षिण आणि आग्नेय आशियातला. अळू आणि सुरण एकाच कुळातले. पहिल्या पावसात रानात उगवणारी शेवळं हीसुद्धा सुरणाची भाऊबंद. संस्कृतात त्याला ‘अर्शोघ्न’ असंही नाव आहे. अर्श म्हणजे मूळव्याध. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात तर सगळ्या कंदभाज्यांत सुरणाला पहिला मान दिला आहे. (मात्र नावावर विसंबून घरीच इलाज करू नका. मूळव्याध डॉक्टरांनाच दाखवा.) पुढे मलबारातले डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड यांनी तिथल्या वनस्पतींचा बारा खंडांचा सचित्र ग्रंथ करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. त्यातही सुरण आहे.

आता आपलं उपासाचं ताट पाहा. बटाटा मूळचा अमेरिकेतला, रताळं तिकडचंच. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओकाही तिकडचाच, आणि वर घातलेला शेंगदाणाही. पोर्तुगीज आले, त्यांच्यामागून ही पिकं आली. ‘बटाटा’ हा शब्दसुद्धा त्यांचाच. ती पिकं आपण आपलीशी केली, चांगलंच झालं. पण त्या ताटातला घरचा जुना माणूस म्हणजे सुरण, आणि तोच आज कडेला सरकला आहे.

कुदळीचं पीक

भाद्रपदात ऋषिपंचमी येते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, असा नेम आपल्या आयाबहिणी पाळत आल्या. नांगरटीच्या रानातलं धान्य त्या दिवशी वर्ज्य. मग खायचं काय? परसातलं. अळू, भोपळा, दोडका, भेंडी आणि सुरण. यातूनच ऋषीची भाजी झाली.

या नेमाचा एक फायदा असा झाला की वर्षातून एकदा तरी परसातल्या भाजीची आठवण व्हायचीच. आठवण राहिली म्हणून बेणंही राहिलं. उत्तर प्रदेशाच्या पूर्व भागात दिवाळीला सुरणाची भाजी करण्याची चाल आहे. तिथंही सणानंच सुरण राखला म्हणायचा.

कंदांचा आणखी एक उपयोग म्हाताऱ्या माणसांना ठाऊक होता. १८७६ ते १८७८ या सालांत आपल्या मुलखात मोठा दुष्काळ पडला. पुढे १८८६ मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये डॉ. लिस्बोआ यांनी उपयोगी वनस्पतींची माहिती दिली. तिच्यात दुष्काळात लोकांनी खाल्लेल्या वनस्पतींची यादीच आहे. धान्य सरलं की माणूस रानातली पानं, बिया आणि जमिनीतले कंद धुंडाळतो. १९७२ च्या दुष्काळात आपण मिलो आणि सुकडी खाल्ली. परसातल्या चार गड्ड्यांवर कुटुंबाचं वर्ष निघेल, असं कुणी म्हणणार नाही. पण मातीत झाकलेला सुरण हे घरचं राखीव अन्न. यंदा काढला नाही तर बिघडत नाही. पान वाळून जातं, गड्डा जमिनीत निजतो आणि पुढच्या पावसाला पुन्हा कोंब काढतो, पहिल्यापेक्षा मोठा होतो.

मग सुरण मागं का पडला?

कारण उघड आहे. आपल्याकडची आणि गुजरातेतली जुनी रीत चार वर्षांची. गड्ड्याला लागलेली बारीक पिल्लं पहिल्या साली लावायची, पान वाळलं की काढून जपायची, पुढच्या साली पुन्हा लावायची. असं करत चौथ्या साली बाजारात नेण्याजोगा गड्डा तयार. बटाटा तीन महिन्यांत हातात पैसा देतो. चार वर्षं थांबायचं कुणी? शिवाय सुरण खाजरा, चिरायला त्रासाचा. म्हणून शेतातून तो गेला आणि परसात राहिला.

आणि आता परसच जायला लागलं आहे. वाघोलीचंच उदाहरण घ्या. वाघेश्वराचं आणि सरदार पिलाजी जाधवरावांचं हे गाव. मुरमाड माळाचं, दगडखाणींचं. जुन्या घराची रीत अशी की मागं न्हाणी, न्हाणीचं पाणी केळीला आणि अळवाला, आणि कडेच्या कोरड्या जागेत सुरण. २०२१ साली वाघोली पुणे महानगरपालिकेत गेली. नगर रस्त्याच्या दोन्ही अंगांना इमारती उठल्या. घर पाडताना भांडीकुंडी हलवतात, देव हलवतात. पण मातीत निजलेला गड्डा कुणाच्या ध्यानात येत नाही. वर पान नसतं, खूण नसते. पाया खणणारं यंत्र येतं आणि तीन पिढ्यांचं बेणं मुरमाबरोबर ट्रकमधून जातं. ते परत कुठल्या पुडीतून यायचं?

म्हणून सांगणं एवढंच: परस मोडण्याआधी कुदळ घ्या आणि गड्डा काढा. आज वाघोलीत, उद्या शेजारच्या गावात ही वेळ येणारच आहे.

लागवड अशी करा

चैत्र-वैशाखात दीड-दोन फूट लांब-रुंद आणि दीड फूट खोल खड्डे घ्या. दोन खड्ड्यांत तीन फुटांचं अंतर ठेवा. खड्ड्यात दोन-अडीच किलो चांगलं कुजलेलं शेणखत आणि वरची माती मिसळून भरा.

बेण्यासाठी अर्धा ते एक किलोची फोड घ्या. प्रत्येक फोडीला मधल्या डोळ्याचा भाग आलाच पाहिजे. फोडी शेणकाल्यात बुडवून सावलीत वाळवा. डोळा वर ठेवून लावा, मातीनं झाका, वर पाचट किंवा पालापाचोळा पसरा. साधारण महिन्याभरात कोंब दिसतो.

सुरणाला ओल मानवते, साचलेलं पाणी मानवत नाही. काळ्या रानात लावाल तर गड्डा कुजेल. मुरूम मिसळलेली, निचऱ्याची जमीन उत्तम. जागाच नसेल तर खताच्या रिकाम्या गोणीला खाली भोकं पाडा, माती-शेणखत भरा आणि गच्चीवर एक फोड लावा. गड्डा लहान येईल, पण बेणं जगेल.

आठ-नऊ महिन्यांत पान पिवळं पडून लोळलं की काढणी. इजा न करता काढा आणि हवेशीर सावलीत ठेवा. काढल्याबरोबर खाऊ नका. काही आठवडे ठेवलेला सुरण कमी खाजतो. खाज येते ती आतल्या सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळे. चिरताना हाताला तेल लावा, शिजवताना चिंच किंवा आमसूल घाला, आणि पूर्ण शिजवा.

बाजारासाठी लावायचा असेल तर ‘गजेंद्र’ आणि ‘श्री पद्मा’ या सुधारलेल्या जाती आहेत. मोठी फोड लावली की त्या एकाच हंगामात विक्रीजोगा गड्डा देतात. ‘गजेंद्र’ खाजतही नाही. ‘श्री पद्मा’ ही तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेची. ही संस्था १९६३ पासून कंदांवर काम करते आहे. नवी जात जरूर लावा. पण म्हणून घरची जुनी टाकू नका. ती गेली की गेली.

शेवटी एक काम

१९५६ साली पुण्याच्या आसपासच्या पाच जिल्ह्यांत गावोगाव रेडिओ मंडळं निघाली होती. शेतकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करत. तुम्हीही तसंच करा. या आठवड्यात देवळात बसाल तेव्हा एवढंच विचारा: गावात कुणाच्या परसात जुना सुरण आहे? बहुधा एखाद्या आजीच्याच परसात सापडेल. तिच्याकडून डोळ्याची एक फोड मागून आणा, आणि पुढच्या साली दोन घरांना द्या.

खायचा तो खा, विकायचा तो विका. डोळा तेवढा राखा.

राम राम!