सनद, मुकाबला आणि गिट

मागच्या वर्षी आम्ही पाच शिक्षकांनी मिळून मुलांसाठी उर्दू-मराठी शब्दसंग्रह करायला घेतला. फाईल एकच, ती व्हॉट्सअॅपवर फिरायची. ‘फायनल’, ‘फायनल 2’, ‘फायनल नवीन’ असे करता करता कुणीतरी जुन्याच प्रतीवर काम केले आणि शेकड्याने शब्द गायब झाले. कुणी काढले, केव्हा काढले, सांगता येईना. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेला माझा एक जुना विद्यार्थी ईदला बडनेऱ्यात आला होता. तो हसून म्हणाला, “सर, याच्यासाठीच तर गिट आहे.”

गिटमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहते: काय बदलले, कुणी, केव्हा, कशासाठी. वेगळा प्रयोग करायचा तर फाटा काढायचा. आपल्या स्टेशनावरून अमरावतीची लाईन फुटते तसा. हा फाटा मात्र पुढे मूळ लाईनीला परत जोडता येतो. दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली, तर गिट आपल्या मनाने निवड करत नाही. दोन्ही पाठ समोर ठेवून माणसाला विचारते.

ही गरज जुनी आहे. 1972 मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी अशी पहिली व्यवस्था केली. पुढे लिनक्सचे काम जगभरातले लोक करू लागले. ते ज्या खासगी सॉफ्टवेअरवर चालायचे, त्याची फुकट सवलत 2005 मध्ये बंद झाली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतले. काही महिन्यांतच ते जुनियो हमानो यांच्या हाती सोपवले.

पण ‘दोन्ही पाठ समोर’ हे ऐकून मला आठवला तो मुकाबला. हदीसची नक्कल उतरवली की ती मूळ प्रतीशी ताडून पाहायची, सुटलेला शब्द समासात लिहून शेजारी ‘सह’ म्हणजे ‘बरोबर’ अशी खूण करायची, ही आपल्या उलेमांची शिस्त. आपल्या मराठीतही शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू केले. 1925 पासून ते वि. सी. सुखठणकरांकडे होते, हा माणूस केंब्रिजला गणित शिकलेला! बाराशेहून अधिक हस्तलिखिते पाहिली गेली, काम 1966 मध्ये पुरे झाले. न स्वीकारलेले पाठ फेकले नाहीत, पानाखाली छापले. जिथे खात्री कमी, तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ. ती रेघ मला फार आवडते.

गिटमधली प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीची खूण सोबत वागवते. मधली एक नोंद गुपचूप बदलली, तर पुढच्या सगळ्यांच्या खुणा बदलतात आणि चोरी उघडी पडते. सनदही अशीच कडी-कडीने जाते. फरक एकच, पण मोठा. गिटमध्ये नाव ज्याचे त्याने टाकायचे; वेगळी सही जोडली नसेल, तर दुसऱ्याचे नावही टाकता येते. मुहद्दिस मात्र रावीचे नाव मिळाल्यावर थांबत नसत. तो खरे बोलणारा होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, ज्याच्याकडून ऐकले असे सांगतो त्याला तो भेटू शकला असता का, हे सगळे तपासत. त्यातूनच ‘अस्मा-उर-रिजाल’ हे आख्खे शास्त्र उभे राहिले.

आमचा शब्दसंग्रह आता गिटवर आहे. पहिल्या नोंदीत ‘कशासाठी’च्या जागी आमच्यातल्या एका बाईंनी लिहिले आहे: “गेलेले शब्द आठवतील तसे परत टाकले. दोघांनी तपासावे.”