'नवां' हा शब्द नक्की कुठल्या भाषेतला?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली होती. ती आज सांगतो, कारण पहिल्यांदा फील्डवर्कला जाणारे बरेच जण नेमकी तीच करतात.

मी वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी. भाताच्या गावठी वाणांची माहिती गोळा करत मालवण तालुक्यात फिरत होतो. एका आजींनी सांगितलं, "नवां बांधल्याबिगर नवो तांदूळ खावचो नाय." मी वहीत लिहिलं: 'नवान्न पौर्णिमेपूर्वी नवीन तांदूळ खात नाहीत.' वाक्य एकदम शुद्ध, पण माहिती चुकीची! आजींनी पौर्णिमेचं नावही काढलं नव्हतं. त्यांच्या वाडीत नवां दसऱ्याला बांधतात, हे मला नंतर शेजाऱ्यांकडून कळलं. गाइडनी वही चाळून एवढंच विचारलं, "हे शब्द त्यांचे की तुझे?" मी पुन्हा वाडीवर गेलो तेव्हा आजी वारल्या होत्या. त्यांनी सांगितलेलं बाकीचं सगळंही मी असंच 'शुद्ध' करून ठेवलं होतं.

आता नवां म्हणजे काय ते बघू. नव्या भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानांसोबत बांधायच्या, देवाला दाखवायच्या आणि दाराला लावायच्या. त्यानंतरच नवा तांदूळ खायचा. सिंधुदुर्गात कुठे हे दसऱ्याला होतं, कुठे कोजागिरीला, म्हणजे नव्याच्या पुनवेला. गोव्यातल्या हिंदू घरांत गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, नव्याच्या पंचमीला. गोव्यातले ख्रिस्ती लोक कणसांचं फेस्त करतात: रायला ५ ऑगस्टला, ताळगावला २१ ऑगस्टला. तारखा वेगळ्या, पण सगळ्यांचा धागा एकच, तो म्हणजे पिकाचा. हळवं भात साधारण ११५ दिवसांच्या आत तयार होतं, गरव्याला १३५ दिवसांहून जास्त लागतात. कुठल्या शेतात कुठलं भात आधी पिकतं यावर सणाची वेळ बरीचशी अवलंबून असते. म्हणजे 'सण कधी?' हा प्रश्न माझ्यासारख्या विज्ञानवाल्याच्याही कामाचा आहे.

पण 'सणाला म्हणतात काय?' हा प्रश्न त्याहून अवघड निघाला. मराठीत आपण 'बरं आहे' म्हणतो, मालवणीत 'बरां आसा', गोव्याच्या कोंकणीत 'बरें आसा'. शेवटचा स्वर तिघांचा वेगवेगळा. क्रियापद मात्र मालवणी आणि कोंकणीचं एक. 'मला'साठी मालवणीत 'माका', गोव्यात 'म्हाका'. 'नवां'ही त्याच साच्यातला: मराठीत नवं, गोव्यात नवें. मग मालवणी नक्की कोणाची?

याचं उत्तर कागदावर बदलत गेलंय. ग्रिअर्सन यांच्या 'लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया'चा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात आपली बोली 'कुडाळी' या नावाने कोंकणीखाली आहे आणि कोंकणी स्वतः मराठीच्या खंडात आहे. पुढे १९८७ मध्ये कोंकणी गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ मध्ये ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. जनगणनेच्या तक्त्यांत मातृभाषा 'मालवणी' सांगणारे कोंकणीत मोजले जातात. पण त्याच गावात मातृभाषा 'मराठी' सांगणारा शेजारी मराठीत मोजला जातो. गंमत बघा, १९८० मध्ये गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी ते गाजवलं, ते मराठी रंगभूमीवरचं नाटक म्हणूनच! या सगळ्या काळात दाराला नवां बांधणारा माणूस जागचा हललाही नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं समजू नका. नायजेरियातल्या इग्बो लोकांचा नव्या यामचा सण असतो. याम म्हणजे आपल्या करांद्याचा भाऊबंदच, वनस्पतिशास्त्रात दोघांचंही पहिलं नाव डायोस्कोरिया. तिथेही सण झाल्याशिवाय नवा कंद खात नाहीत. त्या सणाला कुठे 'इरी जी' म्हणतात, कुठे 'इवा जी'. मिशनऱ्यांनी अनेक बोली एकत्र करून 'युनियन इग्बो' तयार केली आणि १९१३ मध्ये तिच्यात बायबल छापलं. ही भाषा कुठल्याच गावात बोलली जात नाही, म्हणून कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी तिला विरोध केला. दुसरीकडे इक्वेरे बोली भाषातज्ज्ञ इग्बोच्या गटात धरतात, पण ती बोलणारे अनेक जण स्वतःला इग्बो म्हणवत नाहीत.

या सगळ्यातून मी एक गोष्ट शिकलो. हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. माणूस बोलतो काय? तज्ज्ञ त्या बोलीला कुठल्या गटात टाकतात? आणि तो माणूस स्वतःला काय म्हणवतो? पहिल्याचं उत्तर कानांनी मिळतं, दुसऱ्याचं तुलनेने, तिसऱ्याचं त्यालाच विचारून. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्या रकान्यात भरलंत की गडबड झालीच म्हणून समजा. 'मालवणी ही खरं तर कोंकणीच' किंवा 'खरं तर मराठीच' असं ठरवूनच गावात शिरलात, तर ऐकू येईल तेही तसंच ऐकू येईल.

आता माझ्या वहीत चार रकाने असतात: ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं, गाव आणि तारीख, माझा अर्थ, आणि सांगणाऱ्याने आपल्या भाषेला दिलेलं नाव. तिसरा रकाना मी पेन्सिलने भरतो, कारण तो चुकू शकतो. पहिला पेनाने, आणि तो नंतर कधीही सुधारायचा नाही.

तुम्ही सुरुवात घरातूनच करून बघा. या वर्षी नवां बांधताना घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा, याला काय म्हणतात आणि कधी बांधतात. जे उत्तर येईल ते तसंच लिहा, शुद्धलेखन तपासू नका. आणि हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका. त्या आजींचं माझ्या वहीत त्यांच्याच शब्दांतलं एकच वाक्य आहे, आणि तेसुद्धा मी नंतर आठवून लिहिलेलं.